परतीच्या गाडीत काय बोलावे?

समुपदेशक म्हणून माझ्याकडे या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे खेळणाऱ्या मुलांविषयीची आहेत. शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू आहे. तालुका झाला, जिल्हा झाला, आता विभागाच्या तारखा लागल्या आहेत, आणि घराघरांत सिलेक्शन या एकाच शब्दाभोवती जेवणे होत आहेत. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून गावे आणि काही तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. चार वर्षांपासून ती बॅडमिंटन खेळते आणि जिल्ह्यात तिचे नाव आहे. गेले सहा महिने स्पर्धेच्या दिवशी सकाळी तिचे पोट दुखते. दोनदा उलटीही झाली. बालरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफीसह सगळ्या तपासण्या केल्या, पण काही निघाले नाही. तिचे बाबा प्रत्येक सामना मोबाइलवर टिपतात आणि परत येताना गाडीत तिच्या चुका समजावून सांगतात. ते रागावत नाहीत, मारणे तर दूरच. अकॅडमीची फी, फेदर शटल, प्रवास यांवर आमचा बराच पैसा जातो. ती नाटक करते असे त्यांना वाटते, मला तसे वाटत नाही. तिचा खेळ थांबवावा का?
एक आई, नाशिक

उत्तर : मुलगी नाटक करत नाही, हे प्रथम सांगते. धोका जाणवला की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते, पचन मंदावते आणि मळमळू लागते. भीतीने पोटात गोळा येतो, असे आपल्या आज्या म्हणत ते शरीरशास्त्राला धरूनच होते. तपासणीत काही निघाले नाही याचा अर्थ आतड्याला इजा नाही, एवढाच. दुखणे खरे आहे; फक्त त्याचे मूळ सोनोग्राफीत दिसणारे नाही.

मग ते मूळ कोठे आहे? यासाठी एक वही करा आणि पुढचे दोन महिने तिच्या नकळत नोंदी ठेवा. सरावाच्या दिवशी दुखते का, क्लबमधल्या मैत्रीपूर्ण सामन्याला दुखते का, आणि ज्या स्पर्धेला बाबा येऊ शकले नाहीत त्या सकाळी काय झाले, हे लिहा. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत ही वही पुष्कळदा माझ्यापेक्षा अचूक निदान करते.

आपल्या पत्रात माझे लक्ष मात्र पोटदुखीपेक्षा त्या गाडीपाशी थांबले. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे टेबल टेनिस खेळणारी एक मुलगी येत असे. कोल्हापूर-सांगलीकडची स्पर्धा हरून पुण्याला परतताना ती गाडीत बसल्याबरोबर डोळे मिटून घ्यायची आणि खेड शिवापूरचा टोलनाका येईपर्यंत उघडायची नाही. तिला झोप येत नसे. झोपलेल्या मुलीला बॅकहँडविषयी कोणी विचारत नाही, एवढे तिला कळले होते. तिचे वडीलही कधी रागावत नव्हते. अतिशय शांतपणे, 9-10 असताना ती सर्व्हिस तशी का केली, एवढेच विचारत असत. बंद गाडीत, पट्टा बांधून, तीन तास त्या प्रश्नासमोर बसलेल्या मुलाला उठून जायची सोय नसते. सामना चाळीस मिनिटांत संपतो, परतीचा रस्ता संपत नाही. आणि पुढच्या स्पर्धेच्या सकाळी पोट दुखते तेव्हा ते पुढे येणाऱ्या सामन्यापेक्षा पुढे येणाऱ्या त्या प्रवासाला घाबरलेले असते, असे माझ्या अनुभवाला अनेकदा आले आहे.

म्हणून पहिला बदल गाडीत करावा. सामन्यानंतर किमान चोवीस तास खेळाविषयी मोठ्यांनी आपणहून काही बोलू नये, जिंकल्यावरही नाही. जिंकल्यावर भरभरून बोलणारे घर हरल्यावर गप्प झाले, तर त्या गप्प बसण्याचाही निकालपत्रासारखा अर्थ लागतो. तिने विषय काढला तर ऐकावे. ती काही बोलली नाही तर मिसळ खावी, गाणी लावावीत, किंवा नुसते बसावे. तिच्या चुका दाखवायला तिचे प्रशिक्षक आहेत, आणि त्यांच्याकडे मंगळवारची संध्याकाळ आहे. चित्रीकरण हवे असेल तर ते प्रशिक्षकांना द्यावे. पण कोर्टाच्या कडेला वडिलांच्या हातात वर धरलेला मोबाइल मुलीला प्रत्येक गुणानंतर दिसत असतो, हे बाबांना अवश्य सांगा.

दुसरी गोष्ट खर्चाची. आपण तिच्यासमोर हा विषय काढत नसालही, पण बारा वर्षांची मुले हिशेबाला पक्की असतात. फेदर शटलच्या नळीची किंमत तिला ठाऊक असते, बाबांनी नवी गाडी घेणे पुढे ढकलले हेही ठाऊक असते. पहिल्याच फेरीत बाद झालेला एक मुलगा मला म्हणाला होता, ‘मॅडम, आज साडेतीन हजार गेले.’ त्याने प्रवेश शुल्क, लॉज आणि पेट्रोल यांची बेरीज सामना चालू असतानाच केली होती. तिच्यावर होणारा खर्च शाळेच्या फीसारखा आहे, तो गेला तो गेला, त्याची परतफेड पदकांनी करायची नाही, हे तिला एकदा स्पष्ट शब्दांत सांगावे लागेल. अर्थात आपल्या दोघांना ते आधी मनापासून पटलेले असले पाहिजे. नसेल तर खर्च कमी करणे अधिक प्रामाणिक ठरेल.

नॉर्वे हा देश हिवाळी ऑलिंपिकच्या पदकतालिकेत वर्षानुवर्षे अग्रभागी असतो. तेथील क्रीडा महासंघाने 1987 मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि ते आजही पाळले जातात. त्यांनुसार अकरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांचे निकाल आणि क्रमवारी लावली जात नाही, आणि तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नसते. आपल्याकडे त्याच वयात मुलगी मानांकनात कितवी आहे, हे नातेवाईकांनाही पाठ असते. नियम बदलणे आपल्या हातात नाही, पण निदान घरातल्या भिंतीवरचा मानांकनाचा कागद काढून ठेवणे आहे.

स्पर्धेच्या सकाळसाठी काही साध्या सूचना. नाश्ता सामन्याच्या अडीच-तीन तास आधी, थोडा आणि रोजच्या सवयीचा असावा. त्या दिवशी मुद्दाम बदाम, अंडी, दूध असा मारा नको. पोट दुखू लागले तर ‘काही नाही होत’ असे न म्हणता ‘दुखतंय ना, दुखू दे, थोड्या वेळाने कमी होईल’ असे म्हणावे. चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा-सात आकडे मोजत सोडावा, हे तिला घरी निवांत असताना शिकवा. ऐन वेळी शिकवलेले ऐन वेळी आठवत नाही.

खेळ थांबवावा का, हे तिलाच विचारा, पण स्पर्धेच्या आठवड्यात नको आणि ‘नसेल जमत तर सोडून दे’ या सुरात तर नकोच, कारण ते मुलांना धमकीसारखे ऐकू येते. दिवाळीच्या सुट्टीत, कोणतीही स्पर्धा समोर नसताना, महिनाभर फक्त सराव, स्पर्धा नाहीत, असा पर्याय तिच्यापुढे ठेवा. पोटदुखी शाळेच्या दिवशीही सुरू झाली, वजन उतरू लागले, झोप उडाली किंवा ती मैत्रिणींना टाळू लागली, तर मात्र माझ्या पुढच्या उत्तराची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे, तालमीत राहतो. माझे एरवीचे वजन 65 किलो, पण मी 61 च्या गटात लढतो. स्पर्धेआधीच्या चार दिवसांत चार किलो उतरवतो. शेवटचे दोन दिवस पाणी बंद, अंगात प्लॅस्टिकचा सूट घालून पळतो, तोंडातली थुंकी टाकत राहतो. वजन बसते, पण कुस्तीत दुसऱ्या फेरीला अंगात काही राहत नाही आणि डोक्यात राग भरतो. गेल्या तीन स्पर्धा हरलो. रात्री रडू येते. वस्ताद म्हणतात, पैलवान रडत नाही, मन घट्ट कर. मन घट्ट कसे करायचे?
एक पैलवान, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : तुझ्या मनाआधी मला तुझ्या पाण्याविषयी बोलावे लागेल. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांइतके पाणी कमी झाले तरी दमसास आणि एकाग्रता घसरू लागते. तुझ्या बाबतीत हे दोन टक्के म्हणजे सव्वा किलो. तू त्याच्या तिप्पट वजन चार दिवसांत घालवतोस आणि त्यातले बहुतेक पाणीच असते. दुसऱ्या फेरीत अंगातले बळ जाणे, डोक्यात राग भरणे, रात्री रडू येणे ही सगळी तहानलेल्या आणि उपाशी शरीराचीही लक्षणे आहेत. जे काम पाण्याने व्हायचे ते मनाच्या घट्टपणाने होणार नाही.

हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही, पण तुला माहीत असावे. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्ती खेळणारे तीन तरुण पाच आठवड्यांच्या आत मरण पावले. तिघेही तू करतोस तेच करत होते: पाणी तोडून, हवा न जाणारे सूट घालून, उष्ण खोलीत व्यायाम करत वजन उतरवत होते. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत असे सूट आणि वाफेच्या खोल्या यांवर बंदी आली. आंतरराष्ट्रीय कुस्तीतही 2018 पासून वजन आदल्या दिवशी न घेता लढतीच्या दिवशी सकाळी घेतले जाते. पूर्वी वजन दिल्यावर अंगात पाणी-अन्न भरायला रात्र मिळायची, आता दोन तास मिळतात. वजन मोठ्या प्रमाणात उतरवून खालच्या गटात लढण्याचा जुना हिशेब या नियमाने मोडला आहे, पण अनेक तालमींपर्यंत ही गोष्ट अजून पोहोचलेली नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 च्या ऑगस्टमध्ये विनेश फोगटने एकाच दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. त्यांत तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत न हरलेली जपानची युई सुसाकीही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर घाम गाळूनही, 50 किलोच्या काट्यावर ती 100 ग्रॅमने जास्त भरली आणि अंतिम लढतीतून बाद झाली. तिच्यापाशी डॉक्टर, आहारतज्ज्ञ, सगळे होते. तुझ्यापाशी बादली आणि प्लॅस्टिकचा सूट आहे.

तू अजून वाढीच्या वयात आहेस, म्हणून 65 च्या गटात लढण्याचा विचार कर. पहिले वर्ष अवघड जाईल, समोरचे अंगाने भारी वाटतील. पण पोटभर जेवून आणि पाणी पिऊन लढलेली कुस्ती कशी असते, हे तुला कदाचित माहीतच नाही. गट बदलायचा नसेल, तर वजन आठवड्याला अर्धा किलो या बेताने, दोन महिने आधीपासून, आहारातून कमी करावे लागेल, आणि तेही डॉक्टरांना दाखवून.

आता वस्तादांविषयी. तालमीत वाढलेल्या मुलाने वस्तादांना उलट बोलावे, असा सल्ला मी देणार नाही. तो तू पाळणारही नाहीस. त्यांनी तुला मुलासारखे सांभाळले असेल, पहाटे उठवून जोर मारून घेतले असतील, खुराकाची चिंता केली असेल. त्यांच्याशी सरावानंतर, बाकीची पोरे आंघोळीला गेल्यावर बोल आणि मनाचे बोलू नकोस, शरीराचे बोल. ‘वस्ताद, दुसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी येते’ हे वाक्य कोणताही जाणता वस्ताद हसण्यावारी नेत नाही. त्यांना काट्याच्या नव्या नियमाचेही सांग. तरी ऐकले नाही तर घरच्या मोठ्या माणसाला सोबत घे.

आणि रडण्याचे म्हणशील, तर 2008 मध्ये बीजिंगला भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणाऱ्या अभिनव बिंद्राने ते पदक मिळाल्यावर आलेल्या रितेपणाविषयी आणि नैराश्याविषयी उघडपणे सांगितले आहे. जिंकलेल्यालाही जे चुकले नाही ते तीन स्पर्धा हरलेल्याला झाले, यात नवल काय? रात्री फारच जड वाटले, जगणे नकोसे वाटले, तर 14416 या क्रमांकावर फोन लाव. केंद्र सरकारची ही ‘टेली-मानस’ सेवा आहे; ती दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. वस्तादांना कळणार नाही.

प्रश्न : मी एका ग्रामीण हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षक असून आमचा मुलींचा खो-खो संघ दरवर्षी विभागापर्यंत जातो. नववीतील एक मुलगी आमची सर्वोत्तम संरक्षक, अडीच-तीन मिनिटे सहज पळायची. गेल्या वर्षी निर्णायक सामन्यात ती काही सेकंदांत बाद झाली आणि मी तिला सर्वांसमोर खूप बोललो. तेव्हापासून सामन्यात ती खांबाजवळ जणू खिळून राहते. सरावात मात्र उत्तम पळते. आम्ही छड्या खाऊन खेळाडू झालो. आजची मुले इतकी नाजूक का? या मुलींसाठी क्रीडागुण, नोकरीतले पाच टक्के आरक्षण या गोष्टी आयुष्य बदलणाऱ्या आहेत, म्हणून मी कठोर होतो.
एक क्रीडाशिक्षक, धाराशिव जिल्हा

उत्तर : सर, आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण आपण स्वतःची चूक न लपवता लिहिली आहे आणि आपल्या कठोरपणामागची कळकळ खरी आहे. दहावीनंतर जिचे लग्न ठरण्याची शक्यता असते, तिच्यासाठी राज्य स्पर्धेचे प्रमाणपत्र केवढे मोठे असते, हे शहरातल्या समुपदेशकाने आपल्याला शिकवण्याची गरज नाही.

छडीविषयी मात्र एक शंका विचारते. आपण छड्या खाऊन खेळाडू झालात, हे खरे. पण आपल्याबरोबर संघात आलेल्या आणि दुसऱ्या वर्षी मैदानावर न दिसलेल्या मुलांचे काय झाले? जे टिकले ते शिक्षक झाले, प्रशिक्षक झाले, आज आठवणी सांगतात. जे गेले त्यांना कोणी विचारायला गेले नाही. मी स्वतः आठवीत असताना एका शिबिरात असेच काही ऐकून कबड्डी सोडली. त्या प्रशिक्षकांच्या मते मीही नाजूकच असणार.

खिळून राहणे हा नाजूकपणा नाही. सराईत खेळाडूचे पाय विचार न करता पळतात. साखळीतून आत शिरणे, हुलकावणी देणे, खांब धरून वळणे हे सगळे अंगवळणी पडलेले असते. ‘आता चुकले तर’ हा विचार आला की लक्ष त्या अंगवळणी पडलेल्या हालचालीवर जाते आणि हालचाल तुटते. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर कोणता पाय टाकायचा याचा विचार करून पाहा, अडखळायला होते. हे जगातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंनाही होते. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स 27 जुलै 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकच्या सांघिक अंतिम फेरीत एकच उडी मारून बाहेर पडली, कारण हवेत असताना आपले शरीर कोठे आहे हेच तिला उमगेनासे झाले होते. तिच्यावर भित्रेपणाचा आरोप झाला. काही दिवसांनी त्याच स्पर्धेत तिने बॅलन्स बीमवर कांस्यपदक घेतले आणि 2024 मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदके व एक रौप्यपदक मिळवले. मधल्या काळात तिच्या संघाने तिला दूर लोटले नाही, हे लक्षात घ्यावे.

आपल्या खेळाडूसाठी पहिले काम आपल्यालाच करायचे आहे. ज्यांच्यासमोर आपण तिला बोललात, त्याच मुलींसमोर, त्याच मैदानावर ‘त्या दिवशी माझे चुकले’ असे म्हणावे. तिला बाजूला घेऊन सांगितले तर ते तिच्यापुरते राहील. बाकीच्या अकरा जणींच्या डोक्यात तो प्रसंग तसाच राहील, आणि उद्या त्यांच्यापैकी कोणाचा तरी पाय खांबाजवळ अडेल. शिक्षकाने माफी मागितली तर धाक जातो, ही समजूत आहे. माझ्या पाहण्यात तरी असे झालेले नाही.

त्यानंतर सरावाचा भाग. तिला सध्या संरक्षणाच्या पहिल्या तुकडीत पाठवू नये. दुसऱ्या तुकडीत, दोन अनुभवी मुलींबरोबर उतरवावे. अडीच मिनिटांचे लक्ष्य काढून टाका आणि ‘पहिले वीस सेकंद फक्त साखळीतून पळ’ एवढेच काम द्या. सूचना नेहमी काय करायचे याची असावी. ‘बाद होऊ नकोस’ असे म्हटले की मनात बाद होण्याचेच चित्र उभे राहते. त्यापेक्षा ‘डावीकडून वळ’ हे चांगले. आठवड्यातून एकदा सराव सामना पंच, शिट्टी, गुणफलक आणि गावातले चार प्रेक्षक यांच्यासह घ्यावा, म्हणजे सराव आणि सामना यांच्यातली दरी थोडी बुजेल.

आणखी एक. दिल्लीत 2025 च्या जानेवारीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिलांनी जिंकला, तेव्हा कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. तेव्हापासून ‘तुम्हीही तिथपर्यंत जाऊ शकता’ हे वाक्य शाळाशाळांत ऐकू येते. ते खरेच आहे, पण नववीतल्या मुलीला ते स्वप्न म्हणून सांगितले जाते की थकबाकी म्हणून, हे सांगणाऱ्याच्या सुरावर अवलंबून असते.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. शालेय सामन्यात त्याने त्रिशतक काढले, वर्तमानपत्रात फोटो आला, सोसायटीने सत्कार केला, सगळे ‘पुढचा सचिन’ म्हणू लागले. त्यानंतर आठ डावांत त्याची सर्वोच्च धावसंख्या 22 आहे. आता तो खाली खेळायलाही जात नाही.
एक वडील, ठाणे

उत्तर : आपल्या शेजारच्या कल्याणमध्ये 4 आणि 5 जानेवारी 2016 रोजी प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने एका डावात 327 चेंडूंत नाबाद 1009 धावा केल्या. इंग्लंडमध्ये ए. ई. जे. कॉलिन्सने 1899 मध्ये केलेला 628 धावांचा विक्रम एका मुलाने मोडला, म्हणून जगभर बातम्या झाल्या, दारात कॅमेरे आले. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला दरमहा 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी मुलाची कामगिरी घसरल्यावर, रिक्षा चालवून घर चालवणाऱ्या त्याच्या वडिलांनी स्वतः पत्र लिहून ती शिष्यवृत्ती थांबवावी अशी विनंती केली. मला त्या 1009 धावांइतकेच ते पत्र मोठे वाटते, कारण मुलाच्या खांद्यावरचे एक ओझे एका बापाने आपणहून उतरवले.

आपल्या घरात उतरवण्यासारखे काय आहे ते पाहा. दिवाणखान्यातले लॅमिनेट केलेले कात्रण त्याच्या खोलीत किंवा कपाटात जाऊ द्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचा आपला फोटो बदला, आणि ‘पुढचा सचिन’ म्हणणाऱ्या मंडळींना हसून ‘तो पहिलाच आहे’ असे सांगा. त्रिशतकानंतर आठ डाव कमी धावा होणे ही क्रिकेटमधली नेहमीची गोष्ट आहे. मुलाला मात्र ती आपली लबाडी उघडी पडल्यासारखी वाटत असते. सोसायटीच्या मैदानात तो जात नाही कारण तिथे सत्कार झाला होता. त्याला दुसरीकडे, टेनिस बॉलने, जिथे कोणी धावा मोजत नाही अशा ठिकाणी खेळायला न्या. जमल्यास तुम्हीच गोलंदाजी टाका.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची आहे. सहा वर्षे पोहते, पदके आहेत. पहाटे साडेचारला उठते, सकाळ-संध्याकाळ सराव. सर म्हणतात वजन कमी कर, म्हणून रात्री पोळी खात नाही. चार महिने झाले, पाळी आली नाही, त्यामुळे सरावात खाडा होत नाही हे एक बरे. पण मला आता पोहायचेच नाही. आईने माझ्यासाठी नोकरी सोडली. तिला कसे सांगू?
एक जलतरणपटू, पुणे

उत्तर : तू जे ‘एक बरे’ म्हणून लिहिलेस, त्याच्यापासून सुरुवात करू या. नियमित येणारी पाळी तीन महिन्यांहून अधिक काळ थांबणे बरे नसते. जेवढी ऊर्जा सरावात खर्च होते तेवढी अन्नातून मिळाली नाही की शरीर काटकसर करू लागते आणि सर्वात आधी पाळी थांबवते. त्यापाठोपाठ हाडे कमकुवत होतात, दुखापती वाढतात, झोप बिघडते आणि मन उदास होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये या स्थितीला स्वतंत्र नाव देऊन प्रशिक्षकांना सावध केले आहे. आयुष्यभराची हाडे मुख्यतः याच वयात भरतात, म्हणून या आठवड्यातच आईबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि आजपासून रात्रीची पोळी सुरू कर. वजनाविषयी सरांना काही सांगायचे असेल तर त्यांनी ते आईला आणि डॉक्टरांना सांगावे. पंधरा वर्षांच्या मुलीला काठावर उभे करून नव्हे.

पोहायचे की नाही, हा निर्णय मात्र लगेच करू नकोस. उपाशी आणि थकलेल्या शरीराला काहीच करावेसे वाटत नाही, त्यामुळे तुला पोहण्याचा कंटाळा आला आहे की नुसताच थकवा, हे आज तुलाही नीट कळणार नाही. डॉक्टर सांगतील तितके दिवस सराव बंद ठेव, पोटभर जेव, सात वाजेपर्यंत झोप. सहा-आठ आठवड्यांनंतरही पाण्याकडे जावेसे वाटले नाही, तर ते उत्तर खरे समज.

आईने नोकरी सोडली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तो निर्णय मोठ्या माणसाने घेतला होता, आणि त्याचा भार तुझ्याकडे सोपवलेला नाही; आईशी बोललीस तर बहुधा तीही हेच म्हणेल. तोंडाने सांगता येत नसेल तर चिठ्ठी लिही. तीत पदकांविषयी, सरांविषयी काही नको. पाळी चार महिने आली नाही, मला भूक लागते, मी फार दमले आहे आणि काही दिवस थांबायचे आहे, एवढी चार वाक्ये पुरेत. आईने रडणे किंवा रागावणे शक्य आहे. तिलाही थोडा वेळ लागेल. चिठ्ठी रविवारी दुपारी जेवणानंतर दे, पहाटे साडेचारचा गजर वाजल्यावर नको.